वापरलेली जिप्सी किंग: घेताना, दुरुस्त करताना आणि डोंगरात चालवताना

मारुतीची जिप्सी ही फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आता नवी मिळत नाही. डिसेंबर १९८५मध्ये बाजारात आलेल्या या गाडीची मागणी स्वीकारणे कंपनीने २०१८च्या अखेरीस थांबवले, कारण एअरबॅग, एबीएस आणि धडक चाचणी यांविषयीचे नवे नियम त्या जुन्या बांधणीत बसणारे नव्हते. त्यामुळे आज जिप्सी हवी असेल, तर ती कोणीतरी वापरलेलीच घ्यावी लागते, आणि ती कोणी, कुठे व कशी वापरली यावरच पुढचा सगळा खर्च ठरतो. मी ऑगस्ट २०२३मध्ये वाईजवळच्या एका शेतकऱ्याकडून २००९ची, कापडी छताची, एमपीएफआय (इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या) इंजिनाची जिप्सी किंग ३,१०,००० रुपयांना घेतली. त्यानंतर सुमारे चौदा महिने ती टप्प्याटप्प्याने दुरुस्त करून घेतली आणि वेल्हे, भोर, मुळशी या भागांतल्या कच्च्या वाटांवर दोन पावसाळे चालवली. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना ते तपासून पाहता येईल. सह्याद्रीतल्या अरुंद, दगडी आणि पावसाळ्यात घसरड्या होणाऱ्या वाटांसाठी जिप्सीइतकी योग्य गाडी मी दुसरी चालवलेली नाही. तिचे सगळे बळ तिच्या हलकेपणात आहे. कापडी छताच्या गाडीचे वजन एक टनाच्या आतच, सुमारे ९८५ किलो, भरते. गाडी तयार करण्याच्या नावाखाली लोक तिच्यावर लोखंड चढवतात, ती उंच करतात आणि मोठाले टायर लावतात, तेव्हा ज्या गुणासाठी ती घेतली तोच गुण पैसे मोजून घालवलेला असतो. माझ्या गाडीवर झालेल्या खर्चाचा मोठा भाग तिला मूळ स्थितीत आणण्यावर गेला आणि तो सत्कारणी लागला असे मला मनापासून वाटते.

कोणत्या वर्षाची घ्यावी, हा पहिला प्रश्न. सुरुवातीच्या गाड्यांना ९७० सीसीचे, सुमारे ४५ अश्वशक्तीचे इंजिन आणि चार गिअर होते. १९९३मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर ९० मिलिमीटरने वाढवून गाडी अधिक स्थिर केली गेली. १९९६मध्ये १.३ लिटर इंजिन आणि पाच गिअर घेऊन जिप्सी किंग आली, तेव्हा तिची शक्ती ६० अश्वशक्ती होती. २०००मध्ये १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय इंजिन बसल्यावर ती ८० अश्वशक्ती झाली. डोंगरात चालवायची असेल तर शेवटचीच घ्यावी, आणि त्याचे कारण केवळ शक्ती हे नाही. कार्ब्युरेटरची गाडी तीव्र चढावर किंवा एका अंगावर कलली की फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलची पातळी तिरकी होते, इंजिनाला कधी जास्त तर कधी कमी पेट्रोल मिळते आणि गाडी नेमकी नको त्या जागी बंद पडते. इंजेक्शनच्या गाडीला हा त्रास नाही.

दुसरा प्रश्न गाडी कुठून आली याचा. बाजारात दिसणाऱ्या जिप्सींमध्ये काही शेतकऱ्यांच्या असतात, काही सरकारी खात्यांनी लिलावात काढलेल्या असतात, काही लष्कराने निकालात काढलेल्या, तर काही हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी नटवून विकायला ठेवलेल्या असतात. लिलावातली गाडी वाईट असते असे नाही, उलट लष्करी गाडीची देखभाल पुष्कळदा चोख झालेली असते. मात्र तिच्या कागदपत्रांत इंजिन क्रमांक, चॅसी क्रमांक आणि नोंदणी यांचा मेळ बसत नसेल, तर ती कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. नटवलेल्या गाडीपासून मी तर पूर्ण दूर राहिलो. चकचकीत रंग, मोठे बंपर आणि दिव्यांच्या रांगा यांच्याखाली मूळ गाडीची काय अवस्था आहे, हे ती सोडवल्याशिवाय कळत नाही, आणि विकणारा ती सोडवू देत नाही.

गाडी पाहायला जाताना मी तीन वस्तू बरोबर नेत असे: एक टॉर्च, एक जुने पोते आणि एक मोठा स्क्रू ड्रायव्हर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची दुरुस्ती कुठेही होते व तिचा खर्चही आधी सांगता येतो, पण सडलेल्या चॅसीचे तसे नाही. म्हणून बोनेट उघडण्यापूर्वी पोते अंथरून गाडीखाली शिरावे आणि चॅसीच्या दोन्ही लांब दांड्यांवर पुढून मागे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. चांगला पत्रा टणटणीत वाजतो. जिथे आतून गंज खाल्लेला आहे, तिथे तो आवाज एकदम बसका होतो, मातीच्या भिंतीवर थाप मारल्यासारखा, आणि तो फरक नवख्या कानालाही कळतो. मागचा आडवा दांडा, पाट्यांच्या (लोखंडी पानांच्या स्प्रिंगांच्या) शॅकल, म्हणजे त्यांना चॅसीशी जोडणाऱ्या कड्या, जिथे अडकवलेल्या असतात ते कान आणि बॉडी ज्या रबरांवर बसते ते आधार, या जागा विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. चॅसीच्या पोकळ दांड्यांमध्ये चिखल शिरतो, पाणी निघून जाते आणि ओली माती आत तशीच राहते, त्यामुळे गंज आतून बाहेर येतो व बाहेर दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. बॉडीत चालकाच्या पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड या जागी हात फिरवून पाहावा. पायाखालचे रबर उचलू न देणारा विक्रेता काय लपवतो आहे, हे वेगळे सांगायला नको.

मी पाहिलेली तिसरी गाडी एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे होती. वरून निर्दोष होती आणि खालून पाहिली तर चॅसीला ताजा, दाट काळा रंग दिलेला होता, इतका ताजा की बोटाला वास लागत होता. उजव्या बाजूला, मागच्या पाट्याच्या कानाजवळ, ठोकल्यावर आवाज बसका झाला, म्हणून तिथे टोक थोडे दाबले, तर रंगाची पापडी आणि तिच्याखालची लांबी (खड्डे भरायची पुट्टी) यांचा दोन बोटे रुंद तुकडा सुटून माझ्या छातीवर पडला. ज्या कानावर मागचा पाटा आणि त्याबरोबर मागच्या ॲक्सलचे एक अंग लटकलेले असते, त्याला लांबी भरून रंग दिलेला होता. घाटात उतरताना तो कान सुटला असता तर काय झाले असते, याचा विचार करून मला आजही अस्वस्थ वाटते. अशी दुरुस्ती करणे म्हणजे घेणाऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे आणि ते याच शब्दांत सांगायला हवे.

वाईच्या शेतकऱ्याने मात्र गाडी न धुता दाखवली. "दादा, पायाखालचा पत्रा गेलाय, मागची कमान गेलीय, दोन्ही तुम्ही बघून घ्या, किमतीत धरलंय," असे त्याने मी विचारण्याआधीच सांगितले. चॅसी पुढून मागे टणटणीत वाजली. एंजिन थंड असताना एका सेलमध्ये सुरू झाले. चढावर फोर-व्हीलची लिव्हर लो मध्ये, म्हणजे जास्त जोराच्या सावकाश गिअरमध्ये, टाकून पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन पाहिले, मग ॲक्सिलरेटर एकदम सोडून पाहिला, पण लिव्हर जागची उसळली नाही. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा, एका आखूड शाफ्टने जोडलेला आणि तीन रबरी माउंटवर टांगलेला असतो. ती रबरे मेलेली असली की शाफ्टचा धडधडाट होतो आणि लिव्हर आपोआप बाहेर येते. म्हणून ही चाचणी दोन मिनिटांची असली तरी टाळू नये.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. गाडी दुसऱ्या आरटीओ कार्यालयाच्या हद्दीतली असल्यामुळे ना हरकत दाखल्यासाठी नमुना २८ आणि हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागले. गाडीवर कर्ज असेल तर नमुना ३५ही लागतो. परराज्यातली गाडी आणल्यास इथला कर नव्याने भरावा लागतो, आणि तो धरला की दिल्ली-पंजाबकडची स्वस्त वाटणारी गाडी पुष्कळदा स्वस्त राहत नाही. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर खाजगी गाडीच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि मी २०२४मध्ये तेच भरले. पर्यावरण कर त्याव्यतिरिक्त भरावा लागतो. पासिंगसाठी गाडी न्यायची तर ब्रेक, दिवे, स्टिअरिंग आणि धूर ही चार अंगे नीट हवीत, आणि म्हणून माझ्या दुरुस्तीचा क्रमही बराचसा त्यावरूनच ठरला.

फेरफारांच्या कायद्याविषयी मात्र अधिक स्पष्ट लिहायला हवे, कारण याबाबत गॅरेजांमध्ये फार ढिलाईने बोलले जाते. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार गाडीची मूळ वैशिष्ट्ये बदलण्यावर बंधने आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मधल्या निकालात ती ठामपणे अधोरेखित केली. गाडीच्या पुढे लोखंडी बुल बार लावण्यावर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. चॅसी कापणे, इंजिन बदलणे, बॉडी आखूड करणे या गोष्टी मी विचारातही घेतल्या नाहीत. टायर आणि इतर किरकोळ बदल विमा कंपनीला लेखी कळवले, कारण अपघातानंतर त्यावरून वाद घालण्याची वेळ येऊ नये असे मला वाटते.

गाडी घरी आल्यावर पहिले काम पुढचा जाड लोखंडी बंपर काढण्याचे केले. तो शेतकऱ्याच्याही आधीच्या मालकाने लावला होता. भंगारवाल्याच्या काट्यावर तो ३८ किलो भरला. तो निघाल्यावर गाडीचे नाक दिसण्याइतके वर आले आणि पुढच्या पाट्यांचा बाक मोकळा झाला. एक टनाच्या गाडीच्या अगदी टोकावर ३८ किलो लटकवणे म्हणजे काय, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

काम ज्यांच्याकडे केले ते मिस्त्री पुण्यात गेली तीस वर्षे याच गाड्या दुरुस्त करतात. मी पहिल्याच दिवशी त्यांना गाडी दोन इंच उंच करण्याविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आधी तिला सरळ चालू द्या. वाकडी चालणारी गाडी उंच केली, तर ती आणखी वाकडी चालते." हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माझी गाडी साठच्या वेगाला रस्त्यावर डावी-उजवीकडे भटकत असे आणि एखाद्या खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग हातात थरथरू लागे. तपासल्यावर तीन कारणे सापडली. पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनची बेअरिंगे झिजली होती, स्टिअरिंग बॉक्समध्ये खेळ होता आणि पुढच्या शॅकल आधीच्या कोणीतरी मूळ मापापेक्षा लांब बसवल्या होत्या. शॅकल लांबवली की गाडी स्वस्तात उंच होते, पण त्याबरोबर ॲक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो, कॅस्टरचा कोन बिघडतो आणि वळणानंतर चाके आपोआप सरळ होण्याची त्यांची सवय जाते. आम्ही मूळ मापाच्या शॅकल, नवे बुश, नवी किंगपिन बेअरिंगे आणि त्यांच्यापुढची ग्रीस अडवणारी सील बसवली व स्टिअरिंग बॉक्स उघडून नीट केला. पुण्यात नाना पेठ आणि रास्ता पेठ पालथी घातली, तर जिप्सीचा बहुतेक माल अजून मिळतो. या सगळ्याचा खर्च ३४,५०० रुपये आला. त्यानंतर गाडी सरळ चालू लागली आणि उंच करण्याची मला गरज उरली नाही.

पाट्यांविषयी अनेकांची तक्रार असते की जिप्सी फार आदळते. ते खरे आहे. पुढे आणि मागे अखंड ॲक्सल व पाटे असलेली ही गाडी माल वाहण्याच्या हिशेबाने बांधलेली आहे, त्यामुळे दोनच माणसे बसली की पाटे दबतच नाहीत. पण पाटे ताठ असण्याचे निम्मे कारण देखभालीत असते. पानांमध्ये गंज आणि चिखल साचला की ती एकमेकांवर सरकत नाहीत आणि सगळा पाटा एका जाड पट्टीसारखा वागतो. आम्ही चारही पाटे सोडवून पाने वेगळी केली, घासून साफ केली, मधे ग्रीस लावले आणि यू-बोल्ट नवे घातले. तेवढ्याने आदळणे संपले नाही, पण खडबडीत वाटेवर चाक जमिनीला धरून राहू लागले, आणि फोर-व्हीलचा उपयोग चाक जमिनीवर असेल तोवरच असतो.

टायरचा हिशेब मी कागदावर मांडून केला आणि प्रत्येकाने तो मांडावा असे मला वाटते. मूळ माप २०५/७० आर १५ आहे, त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर येतो. २१५/७५ आर १५ घेतल्यास व्यास सुमारे ७०४ आणि २३५/७५ आर १५ घेतल्यास सुमारे ७३४ मिलिमीटर होतो. गाडीखालचा सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफरन्शिअलचा (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांचा) गोळा, आणि तो ॲक्सलवरच असल्यामुळे पाटे कितीही उंच केले तरी जागचा हलत नाही. तो फक्त टायरच्या निम्म्या वाढीइतका उचलला जातो, म्हणजे पहिल्या मापात १८ आणि दुसऱ्यात ३३ मिलिमीटर. मूळ २१० मिलिमीटरमध्ये ही भर पडते. मात्र मोठ्या टायरमुळे गाडीचे गिअर त्याच प्रमाणात उंच होतात, पहिल्या मापात पाच आणि दुसऱ्यात जवळपास दहा टक्क्यांनी, आणि स्पीडोमीटरही तितकाच कमी वेग दाखवतो. ८० अश्वशक्तीच्या आणि कमी फेऱ्यांवर फारसा जोर नसलेल्या पेट्रोल इंजिनाला दहा टक्के पुष्कळ होतात. म्हणून मी २१५/७५ मापाचे ऑल-टेरेन टायर घेतले. पाच टायर ४२,५०० रुपयांना पडले. चिखलाचे खोल नक्षीचे टायर भातखाचरांच्या कडेच्या मातीत निश्चित सरस ठरले असते, पण ओल्या डांबरावर ते घसरतात, आणि मला प्रत्येक वेळी चाळीस-पन्नास किलोमीटर डांबरावरूनच जावे लागते.

लो गिअरबाबत जिप्सीची एक मर्यादा आहे. तिच्या ट्रान्सफर केसचे गुणोत्तर हायमध्ये १.४०९ आणि लोमध्ये २.२६८ आहे, म्हणजे लो टाकल्यावर जोर हायच्या सुमारे १.६ पटच होतो. महिंद्राच्या जुन्या थार सीआरडीईमध्ये तो जवळपास अडीच पट आणि मारुतीच्या नव्या जिम्नीत दोन पट होतो. परिणाम असा, की तीव्र दगडी उतारावर पहिल्या गिअरमध्येही जिप्सी हवी तितकी सावकाश उतरत नाही आणि ब्रेकचा आधार घ्यावा लागतो. म्हणूनही मोठे टायर टाळावेत, आणि म्हणूनच ब्रेक सर्वांत आधी नीट करावेत. मी पुढच्या डिस्क, मागच्या ड्रमचे शू व सिलिंडर आणि सगळे रबरी होज एकदमच बदलले, त्याला १४,००० रुपये लागले. इंजिनाचा टायमिंग पट्टा कधी बदलला याची नोंद नव्हती, म्हणून तो, पाण्याचा पंप आणि होज बदलून रेडिएटर साफ करून घेतला. क्लचही नवा टाकला. इंजिनाविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही घडले नाही आणि हा त्याचा मोठा गुण आहे.

या गाडीला मधला डिफरन्शिअल नाही. त्यामुळे फोर-व्हील कोरड्या डांबरावर लावू नये. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, तो फरक सुटायला जागा मिळत नाही आणि ताण शाफ्ट व गिअरवर येतो. पुढचा आणि मागचा डिफरन्शिअल मोकळे आहेत, म्हणजे ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत राहते. जुलै २०२४मध्ये वेल्ह्याच्या बाजूला पावसाने खोल खचलेल्या एका गाडीवाटेवर हे मला जवळून पाहायला मिळाले. डावे पुढचे आणि उजवे मागचे चाक एकाच वेळी खळग्यात लोंबकळले, तीच दोन चाके फिरू लागली आणि ज्या दोन चाकांवर गाडी उभी होती ती स्तब्ध राहिली. मी उतरून पाहिले तेव्हा हवेतल्या चाकाखाली वीतभर पोकळी होती. मग वेग वाढवून काही होत नाही, उलट काहीतरी तुटते. शेजारचे चपटे दगड आणून त्या पोकळीत रचले, टायरची हवा १८ पीएसआयवरून १५वर आणली आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी आपल्या पायांवर बाहेर आली. याला वीस मिनिटे लागली. अशा जागी लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) असता तर वीस सेकंदे लागली असती, हे मान्य आहे. पण गाडी एक टनाची असल्यामुळेच वीस मिनिटांत आणि दोन माणसांत हे जमले.

पाण्याविषयी एक सूचना आवर्जून करतो, कारण ती स्वस्त आहे आणि क्वचितच कोणी पाळते. घाट चढून तापलेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात गेला, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ॲक्सलवरच्या श्वासनळीचे तोंड पाण्याखाली असेल तर ते तिथूनही शिरते. पहिल्या पावसाळ्यानंतर मागच्या डिफरन्शिअलचा नट उघडला, तेव्हा जे बाहेर आले ते तेल नव्हते. ते दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचे आणि तसेच दाट, फेसाळ होते. सुदैवाने गिअरांवर गंजाची सुरुवातच होती. नवे तेल आणि सील टाकले, दोन्ही ॲक्सलच्या श्वासनळ्यांना साधी रबरी नळी जोडून ती इंजिनाच्या खणात उंच नेऊन बांधली. नळीला तीनशे रुपयेही लागले नाहीत. त्यानंतर पाण्यात उतरलेल्या प्रत्येक फेरीनंतर मी तेल तपासतो. समुद्रकिनाऱ्यावर मात्र गाडी नेत नाही. तिथे गाडी घालणे लोकांना धोक्याचे आहे, आणि खाऱ्या पाण्याने चॅसीचे जे नुकसान होते ते धुऊन निघत नाही.

विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र, मी बसवला नाही. गाडी भरून दीड टनाच्या आसपास होते. त्याच्या दीडपट म्हणजे सुमारे ५,००० पौंड होतात, त्यामुळे ६,००० पौंडांचा विंच तिला पुरेसा आहे, तरी बाजारात सर्रास ९,५०० पौंडांचा आणि त्याबरोबर जाड बंपर गळ्यात मारला जातो. त्याऐवजी मी ताणला जाणारा ओढपट्टा, पट्टा अडकवायच्या दोन प्रमाणित शॅकल, एक फावडे, हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसर आणि चॅसीला पुढे-मागे पक्के बोल्ट केलेले ओढ-हुक इतकेच घेतले. त्याला १५,००० रुपये लागले. ओढपट्टा बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला कधीही अडकवू नये. तो गोळा तुटून सुटला की बंदुकीच्या गोळीसारखा येतो. आणि डोंगरात एकटी गाडी नेऊ नये.

कुठे चालवावी याचेही भान गाडीबरोबरच यायला हवे. आपल्याकडे मोकळी दिसणारी जमीन बहुधा कोणाची तरी असते, वन विभागाची किंवा शेतकऱ्याची. पावसाळ्यात भातखाचराचा बांध चाकाखाली फुटला तर त्या शेतातले पाणी वाहून जाते आणि लावणी वाया जाते. मी गावात आधी विचारतो, वाहती गाडीवाट सोडत नाही आणि अभयारण्याच्या हद्दीत शिरत नाही. गोव्यात २०१४पासून रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धा आखलेल्या जागेत होतात. ज्यांना गाडीची ताकद अखेरपर्यंत ताणून पाहायची आहे त्यांची जागा ती आहे.

रोजच्या वापरासाठी ही गाडी घेऊ नये. पॉवर स्टिअरिंग नाही, ८०च्या पुढे वारा आणि कापडी छत यांच्या आवाजात बोलता येत नाही, मागच्या आडव्या बाकांवर लांबचा प्रवास करणे मी घरच्या कोणालाही करू देत नाही, आणि एअरबॅग व एबीएस नसल्यामुळे महामार्गावर मी डावी मार्गिका सोडत नाही. पेट्रोलला गाडी लिटरमागे नऊ किलोमीटर देते, डोंगरात त्याहून कमी. एकच गाडी ठेवायची असेल आणि पैसे असतील, तर जून २०२३मध्ये आलेली जिम्नी सर्व दृष्टींनी शहाणपणाची आहे, आणि डिझेलचा जोर हवा असेल तर २०१० ते २०२० मधली थार सीआरडीई पाहावी, मात्र ती जिप्सीपेक्षा कितीतरी जड आहे आणि चिखलात ते वजन जाणवते.

पत्र्याचे काम, म्हणजे पायाखालचा भाग व मागच्या दोन्ही कमानी कापून नवा पत्रा जोडणे आणि चॅसीच्या पोकळीत गंजरोधक मेण मारणे, ४२,००० रुपयांना पडले आणि इंजिन व क्लचचे २१,०००. वर सांगितलेले सगळे धरून दुरुस्तीचा एकूण खर्च १,६९,००० रुपये झाला. त्यातले दिसणारे फक्त टायर आहेत. ट्रान्सफर केसची तीन रबरे तेवढी राहिली आहेत. लो मध्ये ॲक्सिलरेटर सोडताना आता हलका धक्का जाणवू लागला आहे. रास्ता पेठेतून ती आणून ठेवली आहेत आणि पुढच्या आठवड्यात गाडी मिस्त्रींकडे उभी राहील.